हवा मानवत नाही, की महिना?

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई एकोणचाळीस वर्षांच्या आहेत. ठाण्यात वाढल्या, तिथंच संसार केला. शिंका, वाहतं नाक, डोळ्यांची खाज बारमाही, आणि पावसाळ्यात तर नको जीव. "कोरड्या हवेत जा, आपोआप थांबेल," असं एका डॉक्टरांनी सांगितलं आणि दहा नातेवाइकांनी री ओढली. शेवटी यजमानांनी बदली मागून घेतली. मार्च २०२३ मध्ये सगळे मंगळवेढा तालुक्यातल्या सासरच्या गावी राहायला आले. पहिलं वर्ष सुखात गेलं, दिवाळीत जराशी सर्दी झाली तेवढीच. २०२४ मध्ये मात्र गणपतीपासून शिंका सुरू झाल्या. ऑक्टोबरात एका संध्याकाळी विजांचा पाऊस आला, मातीच्या वासासाठी त्या ओट्यावर जाऊन बसल्या आणि तासाभरात छाती अशी भरली की रात्री जीप करून तालुक्याला न्यावं लागलं. डिसेंबरपासून पहाटे छातीत शिट्टी वाजते. सासूबाई म्हणतात, मनाचे खेळ आहेत, मुंबईचं नाजूक नाक. यजमान अंगणातला कडुनिंब आणि बोगनवेल तोडायला निघाले आहेत. ताई विचारतात: "कोरडी हवा चांगली हे खोटंच होतं का? माझ्यापायी यांनी बदली घेतली. आता परत चला कुठल्या तोंडानं म्हणू?"

ताई,

आधी यजमानांना कुऱ्हाड खाली ठेवायला सांगा, बाकीचं मग बोलू. तुमच्याच पत्रात लिहिलंय की दोन्ही वर्षी मार्च-एप्रिल हे महिने तुम्हाला सगळ्यात सुखाचे गेले. कडुनिंब फुलतो तो त्याच दिवसांत. मोहराचा सडा पडलेल्या अंगणात तुम्ही खाट टाकून झोपत होतात आणि एक शिंक नव्हती. मग निंबाचा गुन्हा काय? बोगनवेलीचं तर आणखी सोपं. जी झाडं रंग दाखवून किड्यामुंग्यांना बोलावतात, त्यांचे परागकण सहसा जड आणि चिकट असतात, किड्याच्या पायाला लागून जातात. वाऱ्यावर उधळतात ते ज्यांना फूल आहे हे आपल्या ध्यानीही येत नाही त्यांचे: गवतं, माठ-राजगिऱ्याच्या जातीची तणं, एरंड, वावळा. डोळ्यांत भरतं त्याच्यावर आळ आणि जे बांधावर मुकाट उभं आहे ते सुटलं, असं या बाबतीत नेहमी होतं.

आता मूळ प्रश्न. कोरडी हवा चांगली हे खोटं नव्हतं. अर्धं होतं.

ठाण्यात तुम्हाला काय छळत होतं त्याचा अंदाज तुमच्या पत्रातूनच येतो. पावसाळ्यात वाढायचं, सकाळी उठल्याउठल्या वाढायचं, कपाटातल्या साड्या काढल्या की वाढायचं. हे सगळं बोट दाखवतं धुळीतल्या माइट नावाच्या किड्यांकडे आणि बुरशीकडे. माइट डोळ्यांना दिसत नाहीत, गाद्या-उशांत राहतात आणि हवेतल्या ओलाव्यावर जगतात. आर्द्रता सत्तर-ऐंशी टक्के असली की त्यांची चंगळ. सतत पन्नासच्या खाली राहिली की ते सुकून मरतात. सोलापूरकडच्या उन्हाळ्यात दुपारची आर्द्रता त्याच्याही बरीच खाली जाते. त्यामुळे इथं येऊन पहिले काही महिने नाक मोकळं झालं, ते खरं होतं. तुमच्या डॉक्टरांचं तेवढं बरोबर आलं.

पण एक शत्रू मागं राहिला म्हणून दुसरा वाटेत भेटणार नाही असं थोडंच आहे? कोरड्या मुलखात झाडोरा कमी, म्हणून परागही कमी, हा आपला समज. प्रत्यक्षात अशा मुलखातल्या गवतांना पाऊस मिळतो तो मोजका. त्या थोड्या आठवड्यांत उगवायचं, तुरा काढायचा, बी धरायचं आणि वाळून जायचं. म्हणजे सगळ्या माळाचा फुलोरा एकदमच. वर उघडं रान, अडवायला झाडांची भिंत नाही, परागकोश फुटायला कोरडी हवा हवी ती आहेच, आणि हवा धुऊन काढणारा कोकणासारखा रोजचा पाऊस नाही. वारं सुटलं की एका माळाचे पराग चार गावं ओलांडून जातात.

म्हणूनच तुमचं पहिलं वर्ष आणि दुसरं वर्ष एका तागडीत घालू नका. २०२३ चा ऑगस्ट आठवा. देशात १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. तुमच्या भागात दुष्काळ होता, बांधावर गवत ते किती आलं असणार? २०२४ ला पाऊस भरपूर झाला, रान हिरवंगार झालं, सगळ्यांना बरं वाटलं, आणि तुमच्या नाकाला नाही. दुसरंही कारण असू शकतं. नव्या परागांशी शरीराचं वैर जुळायला बहुधा एकदोन हंगाम जावे लागतात, पहिल्याच भेटीत भांडण होत नाही. दोन्हींपैकी काहीही असलं तरी "पहिल्या वर्षी नव्हतं, मग आत्ताच कसं" हा सासूबाईंचा मुद्दा तिथंच संपतो. मनाचे खेळ पाऊसमान बघून होत नाहीत.

हवापालटावरचा आपला विश्वास जुना आहे आणि त्याला कारणही होतं. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा कोरडी हवा, ऊन आणि विश्रांती एवढंच हाती होतं. मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं ते त्याच काळात. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात टूसॉन, फिनिक्स या गावी असेच छातीचे रोगी, दमेकरी गाड्या भरून जायचे. पुढं गंमत झाली. येणाऱ्यांनी गावाकडची आठवण म्हणून अंगणात तुती लावली, ऑलिव्ह लावले आणि हिरवळ केली ती बर्म्युडा गवताची. बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळीच, गणपतीला दूर्वा वाहतो ती. काही दशकांत त्या 'शुद्ध हवेच्या' गावांत शिंकणाऱ्यांची रांग लागली, आणि १९८० च्या दशकात टूसॉन ज्या काउंटीत येतं तिथं तुती आणि ऑलिव्हच्या विक्रीवर कायद्यानं बंधनं घालावी लागली. आपल्याकडं तेच काम वेड्या बाभळीनं केलं. वाळवंट थोपवायला आणि जळणाला म्हणून ती एकोणिसाव्या शतकात बाहेरून आणली. आज तुमच्या ओढ्याकाठी तीच आहे, आणि राजस्थानात तिच्या परागांची अ‍ॅलर्जी चांगलीच ठाऊक आहे.

तेव्हा 'इथली हवा मला मानवते की नाही' हा प्रश्नच जरा बाजूला ठेवा. हवा एक नसते. महिन्यामहिन्याला, प्रहराप्रहराला ती बदलते. तुमचे महिने मी पत्रातून मांडून बघितले. गणपती ते दिवाळी नाक-डोळे, म्हणजे माळावरची गवतं आणि गाजर गवत. गाजर गवताला तुमच्याकडं काँग्रेस म्हणतात; १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि बघता बघता त्यानं देश व्यापला. डिसेंबर-जानेवारीत पहाटे छाती, म्हणजे शाळूचा फुलोरा. मंगळवेढ्याची काळी रानं, मैलभर ज्वारीच ज्वारी. ज्वारी ही गवताच्याच कुळातली, त्यामुळे एकीशी वैर असलेल्याचं दुसरीशी असण्याची शक्यता बरीच. आणि तिचे परागकोश उघडतात ते रात्री उशिरा ते सकाळच्या सुमाराला. तुम्ही लिहिलंय की सहा वाजता 'शुद्ध हवेसाठी' शेताच्या वाटेनं फिरायला जाता! ताई, पहाटेची हवा गार असते, शांत असते, तिच्यावर कविता होतात. पण डिसेंबरात ती जमिनीलगत साचलेली असते आणि त्यात पराग, चुलीचा धूर, धूळ सगळं कोंडलेलं असतं. फिरणं सोडू नका, वेळ बदला. उन्हं कलल्यावर, दिवेलागणीच्या आत जाऊन या. पंधरा दिवस करून बघा आणि काय फरक पडतो ते स्वतःच ठरवा.

(कोणी भाकरी बंद करा म्हणालं तर ऐकू नका. ज्वारीच्या परागांनी शिंका येणं आणि ज्वारी पोटाला न मानवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाकरी खाऊन ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, तरच वेगळा विचार.)

आता ती ऑक्टोबरची संध्याकाळ. घरच्यांनी ती गारठ्यावर ढकलली. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. गवताचा परागकण साधारण वीस ते चाळीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तेवढा मोठा कण नाकातच अडकतो, म्हणून गवताचा त्रास मुख्यतः नाकाला आणि डोळ्यांना होतो. पण विजांच्या पावसाआधी जो वारा उठतो तो पराग उचलून ढगात नेतो, तिथल्या ओलाव्यानं ते फुगून फुटतात, आणि त्यांच्यातले बारीक कण खाली येणाऱ्या गार झोतासोबत जमिनीवर उतरतात. हे कण पार फुप्फुसाच्या बारीक नळ्यांपर्यंत जातात. २१ नोव्हेंबर २०१६ ला ऑस्ट्रेलियात मेलबर्नला अशीच एक संध्याकाळ झाली. गवताच्या ऐन हंगामात वादळ आलं, काही तासांत हजारो माणसं श्वास लागून दवाखान्यांत धावली, आणि दहा जण दगावले. त्यांतल्या कित्येकांना आधी दमा असल्याचं माहीतही नव्हतं. फक्त 'सर्दीचा त्रास' होता. इराणच्या कोरड्या खुझेस्तान प्रांतात, अहवाझ शहरातही २०१३ मध्ये पहिल्या पावसानंतर असंच घडलं होतं.

भीती घालायला सांगत नाही. आपल्याकडं परतीचा पाऊस विजा घेऊन येतो तो नेमका गवताच्या तुऱ्याच्या दिवसांत, म्हणून सांगते. सप्टेंबर-ऑक्टोबरात आभाळ काळं झालं, वावटळ उठली, की घरात या, दारं-खिडक्या लावा, पाऊस पडून वारा शांत होईपर्यंत बाहेर पडू नका. मातीचा वास अर्ध्या-पाऊण तासानंतरही येतो. सरळ, संथ, दिवसभर लागून राहिलेल्या पावसाचं मात्र भय नाही. तो हवा धुतोच.

आणि छातीत शिट्टी वाजते, रात्री दवाखाना गाठावा लागतो, याला सर्दी म्हणत नाहीत. हा दमा असू शकतो आणि तो तपासून घ्यायला हवा. फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी सोलापूरला सहज होईल. छातीच्या डॉक्टरांनी पंप दिला तर 'सवय लागते' म्हणून नाकारू नका. पंपातल्या औषधाचं माप मायक्रोग्रॅममध्ये असतं, गोळीचं मिलिग्रॅममध्ये. म्हणजे पंपातून शरीरात जाणारं औषध कितीतरी कमी. सवयीची भीती बाळगायचीच असेल तर गावोगाव मिळणाऱ्या 'दम्याच्या पुडी'ची बाळगा. जिच्यावर आत काय आहे ते लिहिलेलं नाही आणि जी घेतल्यावर जादूसारखा आराम पडतो, तिच्यात बहुतेकदा स्टिरॉइडच असतं, तेही बेमाप. वाक्य पुरं बोलता येत नाही इतका दम लागला, ओठ निळे पडले किंवा पंप घेऊनही आराम नाही, तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच निघायचं. गाडीवाल्याचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

नाकासाठी डॉक्टर जो स्प्रे देतात तो डोकेदुखीच्या गोळीसारखा वापरला की उपयोग होत नाही. त्याचा असर चढायला काही दिवस लागतात. तुमचा हंगाम गणपतीला सुरू होतो तर पोळ्याच्याही थोडं आधी, डॉक्टरांना विचारून, रोज सुरू करायला हवा. मारताना नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडं न धरता बाहेरच्या बाजूला, कानाच्या रोखानं धरा. नाहीतर तुमच्या कोरड्या हवेत घोळणा फुटायला वेळ लागत नाही. मिठाच्या पाण्यानं नाक धुणं उत्तम, पण पाणी उकळून गार केलेलंच. बोअरचं थेट नको. नेमकी कशाची अ‍ॅलर्जी हे पाहण्याची त्वचेवरची चाचणी करायची असेल तर शिंकांच्या गोळ्या आधी आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात. हे कुणी सांगत नाही आणि माणसं पुण्याला हेलपाटा घालून परत येतात. त्या चाचणीवर बेतलेली इंजेक्शनं किंवा जिभेखालचे थेंब निदान तीन वर्षं घ्यावे लागतात. घाई नाही. दमा आटोक्यात आणणं आधी.

घरात काय करायचं? काँग्रेस फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटायचं, हातमोजे घालून, आणि तुम्ही नाही. वाळल्यावर ढीग करून पेटवायचं तर अजिबात नाही. यजमानांच्या मानेला आणि कोपरांना खाज येते असं ओझरतं लिहिलंय, तेही याच गवतानं होऊ शकतं. कुऱ्हाड घेतलीच आहे तर तिकडं वळवा म्हणावं. झोपायच्या खोलीच्या खिडकीमागं कडब्याची गंज आहे असं तुम्ही कंसात लिहिलंय. ती कंसातली गोष्ट नव्हे. वाळल्या कडब्यावर बुरशी असते, ज्वारीची काणी असते, पेंढी ओढली की काळी पूड उडते ती तीच. यंदाची गंज दुसरीकडं रचा. मळणीच्या दिवशी सरळ माहेरी किंवा पंढरपूरला जाऊन या, कुणाला राग येत असेल तर येऊ दे. गणपती ते दिवाळी अंथरुणं-पांघरुणं बाहेर वाळत घालू नका, दुचाकीवर काच असलेलं हेल्मेट घाला, आणि शेतातून आल्यावर केसांना ओला पंचा फिरवल्याशिवाय उशीला डोकं लावू नका.

आणि कूलर. "मे महिन्यात रात्री नाक चोंदायचं, पण ते गार हवेमुळं असेल," असं लिहिलंत. मला तसं वाटत नाही. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या, टाकीत आठ दिवसांचं पाणी, बंद खोली: कोरड्या मुलखात आपण स्वतःच्या हातानं एक छोटं ठाणे तयार करतो. अमेरिकेच्या कोरड्या भागात असे कूलर असलेल्या घरांत माइट पुन्हा सापडले आहेत. शिवाय ठाण्याहून टेम्पोत घालून आणलेली कापसाची गादी तुमच्या खाली आहेच! गादी उन्हात टाका, ऊन तुमच्याकडं फुकट आणि भरपूर आहे. पिंजून घ्या, पण तुमच्यासमोर नको. कूलरच्या ताट्या दर मोसमात नव्या, टाकी दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करून कोरडी, आणि समोरची खिडकी उघडी. मध्यरात्रीनंतर पाणी बंद, नुसता पंखा.

परत जावं का? माझं उत्तर: आत्ता ठरवू नका. जानेवारीत, छाती वाजत असताना घेतलेला निर्णय आणि ठाण्यात जुलैत घेतलेला निर्णय, दोन्ही एकाच जातीचे. ठाण्यात माइट आणि बुरशी तुमची वाट बघत बसलेत. तिथं बारमाही होतं, इथं हंगामी आहे, आणि ज्याची तारीख आधी कळते त्याच्याशी तयारीनं झुंजता येतं. दमा धड तपासून, औषध नीट घेऊन एक पुरं वर्ष जाऊ द्या. तरीही पुढच्या थंडीत पहाटा अशाच गेल्या, तर जा. त्यात कुणाची हार नाही. मधलाही एक मार्ग आहे: मुक्काम गावातच, पण डिसेंबरचे तीन-चार आठवडे सोलापूर शहरात कुणाकडं तरी. यजमानांनी बदली तुमच्यापायी घेतली हे खरं, पण चार लोकांच्या सल्ल्यानं दोघांनी मिळून ठरवलं होतं ना? मग अपराधीपणाही अर्धा त्यांच्याकडं द्या. तोंडानं जमत नसेल तर हेच पत्र त्यांच्या हातात ठेवा.

वर्षभर एक वही ठेवा. रोज एकच ओळ: शिंका किती, छाती कशी, वारा होता का, पाऊस आला का, कुठं गेला होतात. फोनवर जो हवेचा निर्देशांक दिसतो त्यात धूळ-धूर मोजतात, पराग नाहीत; तो हिरवा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. परागांचं पंचांग तुमच्या तालुक्यात कुणी छापत नाही, ते तुम्हालाच करावं लागेल. त्यासाठी घरात एक जाणकार माणूस आहे. कुसळी कधी तुऱ्यावर येते, काँग्रेसला पहिलं पांढरं फूल कधी दिसतं, ओढ्यावरची वेडी बाभूळ वर्षातून किती वेळा फुलते, कुठल्या रानातला शाळू आधी निसवतो, हे सासूबाईंना तोंडपाठ असणार. वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. त्या सांगतील, तुम्ही लिहा.

तुमची,
सदरलेखिका